चांदीपुरा विषाणू: आरएनएवर बसणारी प्रथिने प्रतिकृतीचा लगाम कशी धरतात

सूक्ष्मदर्शिनी

नमस्कार. पावसाळा सुरू झाला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत चांदीपुरा विषाणूच्या बातम्या येतात, तो पसरवणाऱ्या वाळूमाशीचे चित्र छापले जाते, भिंतींच्या भेगा बुजवण्याचे आवाहन होते आणि बातमी तिथेच संपते. हा विषाणू मुळात आपल्या गावचा आहे. १९६५ साली नागपुरात चिकुनगुन्या आणि डेंग्यूची साथ चालू असताना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून तो भट आणि रॉड्रिग्ज यांनी वेगळा केला, १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि चांदीपुरा या वस्तीचे नाव त्याला कायमचे चिकटले. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडून त्यांतील १८३ दगावली, तेव्हा त्याची दहशत देशाला कळली. पुढच्याच वर्षी तो गुजरातेत दिसला, नंतर विदर्भात दिसला आणि २०२४ साली पुन्हा गुजरातेत दिसला.

मी येथील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पेशीत शिरल्यावर हा विषाणू नेमके काय करतो, याविषयी मराठीत सलग लिहिलेले फारसे सापडत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. माझा रोख एकाच मुद्द्यावर आहे. या विषाणूचे जे प्रथिन आरएनएला गुंडाळून ठेवते, त्याच प्रथिनाच्या पुरवठ्यावर केव्हा प्रथिने बनवण्याचे संदेश छापायचे आणि केव्हा आख्ख्या जनुकसंचाची नक्कल करायची हे ठरते. आवरण म्हणून ज्याच्याकडे दुर्लक्ष होते, तेच येथे कारभार पाहते.

चांदीपुराचा जनुकसंच म्हणजे सुमारे अकरा हजार न्यूक्लिओटाइडांचा (म्हणजे आरएनएच्या अक्षरांचा), एकपदरी, ऋण प्रकारचा आरएनए. प्रथिने बनवणाऱ्या पेशीतल्या रायबोसोमला तो थेट वाचता येत नाही, त्यामुळे विषाणूला स्वतःचे पॉलिमरेज, म्हणजे साचा वाचून नवा आरएनए बनवणारे यंत्र, आपल्या कणातच सोबत आणावे लागते. त्याच्या जवळच्या नात्यातल्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणूच्या कणात असे पॉलिमरेज असते, हे १९७० साली बाल्टिमोर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. यापुढे या नातलगाला मी व्हीएसव्ही म्हणेन, कारण यंत्रणेचा बहुतांश तपशील त्याच्यावरच्या प्रयोगांतून आलेला आहे. जनुके पाच असून ती एन, पी, एम, जी आणि एल अशा क्रमाने लागलेली असतात, आणि एन जनुकाच्या आधी ‘लीडर’ नावाचा पन्नासेक न्यूक्लिओटाइडांचा एक छोटा तुकडा असतो. हा तुकडा लक्षात ठेवावा, पुढचे सारे नाट्य त्याच्याभोवती घडते.

एन हे न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन. त्याचे दोन खंड असतात आणि त्यांच्यामधल्या खोबणीत आरएनए बसतो. एका एन रेणूच्या वाट्याला नऊ न्यूक्लिओटाइड येतात, हे २००६ साली व्हीएसव्ही आणि रेबीज या दोन्ही विषाणूंच्या स्फटिकरचनांतून स्पष्ट झाले. अकरा हजारांना नऊने भागले की एका जनुकसंचाला बाराशेहून अधिक एन रेणू लागतात हा हिशेब निघतो. पेशीतले पॉलिमरेज साचा म्हणून हा एन-आच्छादित आरएनएच स्वीकारते. या विषाणूचा उघडा आरएनए नुसता पेशीत सोडला, तर त्यातून संसर्ग होत नाही.

आता कारभाराकडे वळू. पॉलिमरेज म्हणजे एल हे अवाढव्य प्रथिन आणि त्याला साच्याशी बांधून ठेवणारे पी हे प्रथिन. सुरुवातीला ते एकेक जनुक वाचून वेगवेगळे संदेशवाहक आरएनए बनवते. प्रत्येक जनुकाच्या शेवटी साच्यावर यूरॅसिल हे अक्षर ओळीने सात वेळा येते. तेथे पॉलिमरेज अडखळते, त्याच सात अक्षरांवर पुनःपुन्हा घसरत लांबलचक पॉली-ए शेपूट (यूरॅसिलाच्या जोडीच्या ॲडेनिन या अक्षराची माळ) जोडते, संदेश सोडून देते आणि पुढचे जनुक सुरू करते. प्रत्येक सांध्यावर सुमारे ३० टक्के पॉलिमरेज गळून पडतात, म्हणून पहिल्या क्रमांकावरच्या एनचे संदेश सर्वाधिक आणि शेवटच्या एलचे सर्वांत कमी बनतात. पुढे पुरेसे एन साठले, की नव्याने बाहेर पडणाऱ्या आरएनएच्या टोकावरच एन बसू लागते. मग तेच पॉलिमरेज सात यूरॅसिलांपाशी थांबत नाही, नेमके सात ॲडेनिन लिहून पुढे जाते आणि शेवटपर्यंत अखंड प्रत काढते.

या प्रत्येक अखंड प्रतीत बाराशेहून अधिक एन खर्ची पडतात. साठा आटला की पॉलिमरेज पुन्हा सुटे संदेश छापू लागते, त्यांतले सर्वाधिक एनचेच असतात, आणि साठा पुन्हा भरतो. बाहेरून कोणी हुकूम द्यावा लागत नाही. मला या यंत्रणेतला हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

पुरावा म्हणाल, तर १९८४ साली गेल वर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेने परीक्षानळीत दाखवले की व्हीएसव्हीच्या प्रतिकृतीसाठी नव्या प्रथिनांची जी गरज भासते, ती एकट्या एन प्रथिनाने भागते. १९९८ साली त्यांनीच एन जनुक पहिल्या क्रमांकावरून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्रमांकावर सरकवले. जनुक जसजसे मागे गेले तसतसे एन कमी बनले, प्रतिकृती पायरीपायरीने घटली आणि उंदरांसाठी विषाणूची मारकताही उतरली.

तिसरे_सत्र

मॅडम, मी एमएस्सीला आहे. परीक्षेसाठी आम्ही ‘एन प्रथिन जनुकसंचाचे संरक्षण करते’ एवढेच लिहितो, त्यामुळे हे वाचून दोन शंका आल्या. एन जर आरएनएला इतके घट्ट धरून बसते, तर पॉलिमरेज आतली अक्षरे वाचते कसे? आणि पेशीत रायबोसोमचा आणि इतर आरएनए विषाणूच्या आरएनएपेक्षा कितीतरी पट अधिक असतो. एन त्यावर जाऊन का बसत नाही?

सूक्ष्मदर्शिनी

पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देते. पॉलिमरेज जेथे असते तेवढ्या जागेपुरते एन रेणू आरएनएवरून बाजूला सरकतात आणि ते पुढे गेले की पुन्हा मिटतात, बॅगेच्या झिपेवरून सरकणी फिरावी तसे. शेजारचे एन एकमेकांना धरून असल्यामुळे बाजूला झालेला रेणू हरवत नाही. पी प्रथिनाचे शेपटीकडचे टोक दोन लगतच्या एन रेणूंच्या सांध्यात बसते आणि एलला साच्यावरून घसरू देत नाही.

दुसरी शंका अधिक मोलाची आहे आणि तिच्यावर चांदीपुराच्याच संदर्भात भारतात चांगले काम झालेले आहे. एकटे सोडलेले एन प्रथिन फार बेशिस्त असते. ते आपापसांत चिकटते, गोळे होते, आणि समोर येईल तो आरएनए पकडते. विषाणू त्याला एकटे सोडतच नाही. एन तयार होताच पी प्रथिनाचे पुढचे टोक त्याच्यावर बसते. हे टोक आरएनएची खोबणी अडवते आणि शेजारच्या एनला धरण्याच्या जागाही झाकते. ही जोडी नव्या विषाणुजन्य आरएनएपाशी पोहोचली की पी हात सोडते आणि एन तेथे बसते. व्हीएसव्हीच्या बाबतीत या जोडीची त्रिमितीय रचना २०११ साली उपलब्ध झाली.

कोलकाता विद्यापीठातील ध्रुवज्योती चट्टोपाध्याय यांच्या गटाने चांदीपुराचे एन घेऊन २००६ साली एक नेटका प्रयोग केला. डीऑक्सिकोलेट या पित्तक्षाराने त्यांनी एनचे पुंजके सुटे केले. सुटे एन लीडर आरएनए, आणि त्यातही त्याचा पहिला अर्धा भाग, नेमका ओळखते असे त्यांना दिसले. पुंजक्यातले एन मात्र तसा भेदभाव करत नाही. यातून असे चित्र उभे राहते की पहिला एन रेणू निवडक असतो आणि एकदा तो लीडरवर बसला की त्याच्या आधाराने पुढचे रेणू अनुक्रम न पाहता ओळीने बसत जातात. पेशीच्या आरएनएला लीडर नसतो, म्हणून तेथे सुरुवातच होत नाही. हे दोन टप्पे उत्तरपत्रिकेत वेगवेगळे लिहावेत.

निवृत्त_प्रयोगशाळा

ताई, मांडणी उत्तम आहे, परंतु ‘एन साठले की कळ फिरते’ हे चित्र मला जरा जास्तच सरळ वाटते. जीवरसायनशास्त्रात आयुष्य गेल्यामुळे एका पदार्थाच्या प्रमाणावर सगळे सोपवणाऱ्या स्पष्टीकरणांकडे मी संशयानेच पाहतो.

तुमच्या मांडणीत एकच पॉलिमरेज लीडरच्या टोकापासून निघते आणि वाटेत एन भेटते की नाही यावरून वागणे बदलते. २००२ साली व्हेलन आणि वर्ट्झ यांनी व्हीएसव्हीमध्ये दाखवले, की संदेश बनवण्याची सुरुवात आणि अखंड प्रत काढण्याची सुरुवात या मुळात दोन वेगळ्या जागी होतात. संदेश थेट एन जनुकाच्या आरंभापासून सुरू होतात, प्रत मात्र लीडरच्या पहिल्या अक्षरापासून. त्यानंतर २००४ साली अमिय बॅनर्जी यांच्या गटाने संसर्ग झालेल्या पेशींतून पॉलिमरेजचे दोन वेगळे संच बाहेर काढले. संदेश बनवणाऱ्या संचात एल आणि पी यांच्याबरोबर पेशीची स्वतःची प्रथिने होती, त्यांत भाषांतराला मदत करणारे ईएफ-१ अल्फा आणि एचएसपी-६० ही आली. प्रत काढणाऱ्या संचात एल, पी आणि एन होते.

असे असेल तर निर्णय वाटेत होत नाही. तो निघण्यापूर्वीच, कोणता संच साच्याच्या टोकाशी पोहोचला यावर झालेला असतो. शिवाय पी प्रथिनावर फॉस्फेट चढते की नाही, याला तुम्ही स्पर्शच केलेला नाही. चांदीपुराच्या पीवर पेशीचे केसीन कायनेज-२ हे विकर फॉस्फेट चढवते. फॉस्फेट असलेले पी संदेशनिर्मितीला लागते, आणि फॉस्फेट नसलेले पी लीडर आरएनएला बांधले जाते, हे कोलकात्याच्याच गटाने २००३ साली दाखवले होते.

सूक्ष्मदर्शिनी

सर, फॉस्फेटचा मुद्दा पुढच्या प्रतिसादासाठी राखून ठेवला होता, आपण तो नेमक्या जागी आणलात. दोन संचांच्या पुराव्याचे वजन मला मान्य आहे. तरी एनचा पुरवठा त्यामुळे दुय्यम ठरतो असे मला वाटत नाही, कारण प्रत काढणाऱ्या संचाचा एन हाच घटक आहे आणि एन नसेल तर तो संच जुळणारच नाही. शिवाय संच कोणताही निघो, प्रत शेवटाला पोहोचायची तर वाटेत दर नऊ अक्षरांना एक एन हजर असावेच लागते. १९९८ सालचा जनुके सरकवण्याचा प्रयोग दोन्ही चित्रांत बसतो. वाद उरतो तो निर्णयाच्या क्षणाचा. माझा कल असा, की सुरुवातीचा संच फॉस्फेटयुक्त पीच्या जोरावर चालतो आणि पुढे नवे, अजून फॉस्फेट न चढलेले पी आणि त्याला धरून असलेले एन एकत्रच वाढत जातात, म्हणून दोन कळा वेगळ्या दिसल्या तरी त्या बरोबरच फिरतात.

निवृत्त_प्रयोगशाळा

‘बरोबरच फिरतात’ हे अनुमान म्हणून चालेल. तुमच्या विद्यार्थ्यांना मात्र ते अनुमान आहे असे सांगूनच शिकवावे, एवढा माझा आग्रह.

काटोलचा_बागायतदार

मॅडम, मी कृषी पदवीधर आहे आणि काटोलकडे संत्र्याची बाग करतो. ट्रिस्टेझा या संत्री-लिंबांच्या विषाणुजन्य रोगाचे नाव आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या विषाणूबद्दल वाचताना मला अगदी याच जातीची गोष्ट सापडली, म्हणून येथे मांडतो.

ट्रिस्टेझाचा आरएनए धन प्रकारचा, म्हणजे रायबोसोमला थेट वाचता येणारा, आणि जवळजवळ १९,३०० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे चांदीपुराच्या पावणेदोन पट आहे. त्याचा कण चांदीपुराच्या कणासारखा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा नसून सुमारे २,००० नॅनोमीटर लांबीच्या वळणदार दोरीसारखा असतो आणि तो मावा या किडीतून पसरतो. मला नवल वाटले ते आवरणाचे. साधारण ९७ टक्के लांबीवर मुख्य आवरण-प्रथिन बसते, पण पाच-प्राइम टोकाकडच्या, म्हणजे आरएनएच्या सुरुवातीकडच्या, सुमारे ६३० न्यूक्लिओटाइडांवर दुसरेच, गौण आवरण-प्रथिन असते. हे गौण प्रथिन आपल्या हद्दीतच राहावे याची काळजी आणखी दोन प्रथिने घेतात. त्यांतले एक तर एचएसपी-७० या पेशीतल्या ओळखीच्या प्रथिनाचा विषाणूकडे असलेला भाऊबंद आहे. ही दोन नसली तर गौण प्रथिन हद्द सोडून पुढे पसरते.

दुसरी गोष्ट थेट आपल्या विषयाची आहे. ट्रिस्टेझाचे पी-२३ नावाचे आरएनएला धरणारे प्रथिन धन आणि ऋण पदरांचे प्रमाण सांभाळते. ते असताना धन पदर ऋणाच्या दहा-वीस पट असतात, ते काढून टाकले की दोन्ही जवळपास सारखे होऊन बसतात. म्हणजे साचा म्हणून ऋण पदर लागतात तेवढेच ठेवायचे आणि माल धन पदरांचा काढायचा, ही शिस्त या एका प्रथिनाकडे आहे. आणि हेच पी-२३ झाडाला बाधते. कागदी लिंबाच्या झाडात विषाणूशिवाय नुसते त्याचे जनुक घातले तरी ट्रिस्टेझासारखी लक्षणे उमटतात, असे प्रयोगांत दिसले आहे. कागदी लिंबाचे कोवळे पान उन्हाकडे धरल्यावर शिरांचे तुकडे तुकडे पाण्यात भिजल्यासारखे पारदर्शक दिसतात, ती खूण आम्हाला शिकवलेली असते. ती खूण पाहताना त्यामागे आरएनएचा हिशेब ठेवणारे प्रथिन असेल असे कधी मनात आले नव्हते.

आमच्याकडे जंभेरीचा खुंट असल्याने झाडे निभावून जातात. आंबट संत्र्याच्या खुंटावर लावलेल्या बागा मात्र १९३० च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेत लाखोंनी गेल्या.

सूक्ष्मदर्शिनी

भाऊ, ही भर फार मोलाची आहे. चांदीपुरा आणि ट्रिस्टेझा यांचे एकमेकांशी नाते जवळजवळ नाही, आरएनएचा प्रकारही उलटा, तरी दोघांनीही नियंत्रण आरएनएला धरणाऱ्या प्रथिनाकडेच सोपवलेले आहे. एक फरक नोंदवते. चांदीपुराचे एन साच्याचा कायमचा भाग असते. ट्रिस्टेझाच्या पॉलिमरेजला आवरणातला साचा लागत नाही, म्हणून त्याने आवरणाचे काम आणि प्रमाण सांभाळण्याचे काम वेगवेगळ्या प्रथिनांना वाटून दिलेले दिसते.

धंतोलीतला_डॉक्टर

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन मुद्दे. चांदीपुराच्या मेंदूज्वरात मूल सकाळी तापाने आणले जाते, झटके येऊ लागतात, आणि एक-दोन दिवसांत सगळे संपलेले असू शकते. आमच्या हाती मान्यताप्राप्त औषध नाही, लसही नाही. झटके थांबवणे, मेंदूवरची सूज आणि श्वास सांभाळणे, एवढेच करता येते. म्हणून ही चर्चा वाचताना मनात पहिला प्रश्न हाच येतो, की एन आणि पी यांची जोडी मोडता येईल काय?

दुसरे असे, की आपण ज्या जमवाजमवीबद्दल बोलत आहात ती वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने रेबीजच्या काचपट्टीवर पाहिलेली असते, फक्त ती तशी सांगितली जात नाही. लहान मेंदूतल्या पर्किंजी पेशींच्या केंद्रकाबाहेर ज्या गुलाबी, गोल, स्पष्ट कडेच्या नेग्री बॉडी दिसतात, त्या आम्ही निदानाची खूण म्हणून पाठ केल्या. तो एन, पी आणि आरएनए यांचा साठा आहे हे मी फार उशिरा वाचले.

सूक्ष्मदर्शिनी

डॉक्टर, नेग्री बॉडी हा या विषयाचा डोळ्यांना दिसणारा पुरावाच आहे. २०१७ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले की त्या द्रवाच्या थेंबांसारख्या वागतात. त्या एकमेकींत मिसळतात आणि आतले रेणू हलते राहतात. रेबीजची प्रतिकृती तेथेच चालते. २०१८ साली व्हीएसव्हीच्या एल, पी आणि एन यांच्याबाबतही तसेच आढळले. एन, पी आणि नवा आरएनए एका थेंबात एकवटले की एनला पेशीभर भटकावे लागत नाही.

औषधाबाबत सांगायचे तर पीच्या पुढच्या टोकाची नक्कल करणारे छोटे पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) पेशींत सोडल्यास रेबीजची वाढ रोखली जाते, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. ते टोक एनला अडवून बसते आणि सोडत नाही. एनवर नेम धरणारे औषध माणसापर्यंत पोहोचल्याचे उदाहरण दूरच्या नातलगाचे, म्हणजे लहान मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या आरएसव्हीचे आहे. ईडीपी-९३८ हे एन-रोधक औषध मुद्दाम संसर्ग दिलेल्या निरोगी स्वयंसेवकांना दिल्यावर विषाणूचे प्रमाण घटले, असा अहवाल २०२२ साली आला. चांदीपुरात अडचण वेळेची राहील. मूल रुग्णालयात पोहोचेपर्यंत मेंदूत पुष्कळ काही घडून गेलेले असते आणि औषधाला मेंदूपर्यंत पोहोचायचेही असते.

तिसरे_सत्र

मॅडम, शेवटची शंका. एका पुस्तकात गोवराच्या विषाणूसाठी ‘सहाचा नियम’ वाचला. मग चांदीपुरासाठी नऊचा नियम असायला हवा ना?

सूक्ष्मदर्शिनी

नसतो. गोवराचा जनुकसंच १५,८९४ न्यूक्लिओटाइडांचा आहे, सहाने भागून पाहा, बाकी उरत नाही. निपाहचा मलेशियातील प्रकार १८,२४६ आणि बांगलादेशातील १८,२५२ लांबीचा, दोघांमध्ये नेमका एका एन रेणूचा फरक. या विषाणूंत एक एन सहा अक्षरे धरते आणि लांबी सहाच्या पटीत नसेल तर प्रतिकृती नीट होत नाही. त्याचे कारण टोकाशी आहे. त्यांच्या पॉलिमरेजला सुरुवात करण्यासाठी दोन खुणा लागतात, एक अगदी टोकाला आणि दुसरी बरीच आत. एनच्या मळसूत्री मांडणीमुळे त्या दोन खुणा एकाच बाजूला शेजारी येतात. आतली खूण प्रत्येक एनच्या खोबणीत ठरावीक जागीच असावी लागते, म्हणून एक अक्षर जरी कमीजास्त झाले तरी ती जागा चुकते.

व्हीएसव्हीच्या ११,१६१ ला नऊने भागले तर एक उरतो आणि विषाणूचे काहीही अडत नाही. त्याच्या कुळाला अशी आतली दुसरी खूण लागत नाही, सुरुवातीचा संकेत टोकाशीच असतो, त्यामुळे शेवटच्या एनच्या वाट्याला नऊ अक्षरे आली काय आणि कमी आली काय, सारखेच.